नोकरी नागपूरची, घर कुठं? अप-डाऊन करणाऱ्या कुटुंबानं जागा कशी निवडावी

समुद्रपूर, भिवापूर, मौदा नाहीतर नरखेड तालुक्यातल्या एखाद्या घरातल्या मुलाला किंवा सुनेला नागपुरात नोकरी लागली की पहिले काही दिवस पेढे वाटण्यात जातात. मग घरात एकच बोलणं सुरू होतं, राहायचं कुठं? गावातून रोज जाणं-येणं जमत नाही आणि शहराच्या मधोमध दोन खोल्या घ्याव्या तर पगाराचा मोठा भाग भाड्यातच जातो. म्हणून मधली जागा शोधायची. कुणी बुटीबोरी सुचवतं, कुणी कामठी. सासरची मंडळी म्हणतात, वर्धेतच राहा, रेल्वे आहे ना. तेवढ्यात ओळखीतलं कुणी लेआउटचा रंगीत नकाशा घेऊन दारात येतं.

या गडबडीत एक गोष्ट नेहमी मागं पडते. अप-डाऊन एक माणूस करतो, राहतं मात्र अख्खं घर. नोकरी करणारा सकाळी साडेसातला निघाला आणि रात्री आठला परतला तर त्या जागेशी त्याचा जागेपणीचा संबंध दिवसाला चार तासांचा. बाकीचा दिवस तिथं बायको, लेकरं आणि म्हातारे आईवडील काढतात. नोकरी बायकोची असेल तर घरी असणारा नवरा. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की जागा निवडायची ती दिवसभर घरी असणाऱ्यांच्या सोयीनं. प्रवासानं फक्त शोधाची हद्द ठरवायची. ती हद्द कशी आखायची, मग तिच्या आत काय काय पाहायचं, ते आता क्रमानं सांगतो.

कामाची जागा नेमकी कुठं आहे?

'नागपुरात नोकरी' एवढ्यानं काहीच ठरत नाही. मिहान (विमानतळाजवळचा उद्योगांचा भाग) दक्षिणेला, हिंगणा एमआयडीसी नैर्ऋत्येला, वाडीची गोदामं आणि ट्रान्सपोर्ट पश्चिमेला अमरावती रोडवर, कळमना मार्केट पूर्वेला, सरकारी कचेऱ्या आणि हायकोर्ट सिव्हिल लाइन्समध्ये. बुटीबोरी एमआयडीसी तर शहरापासून पाऊण तासावर. उमरेडकडच्या माणसाला हिंगण्यात काम लागलं तर त्याला शहर ओलांडावं लागतं किंवा रिंगरोडनं वळसा घालावा लागतो. तोच माणूस दिघोरी किंवा मानेवाड्याकडे कामाला असेल तर त्याचा प्रवास निम्मा होतो.

त्यामुळे कागदावर तीन ठिकाणं लिहा: कामाची इमारत, आपलं गाव आणि गरजेला ज्या दवाखान्यात जाल तो दवाखाना. बदलीची नोकरी असेल तर पुढच्या पाच वर्षांत बदली कुठं कुठं होऊ शकते तेही लिहा. बँकेत, महावितरणमध्ये किंवा खासगी कंपनीच्या फिल्डच्या कामात हे आधीच विचारून घेता येतं. नोकरी कंत्राटी असेल आणि वर्षाला नूतनीकरण होत असेल तर घर विकत घेण्याचा विषय इथंच थांबवा आणि भाड्याचंच बघा.

गाव कोणत्या बाजूला आहे?

वावर ज्याचं आहे त्याला ही पायरी सोडता येत नाही. जूनमध्ये पेरणी, ऑक्टोबरमध्ये सोयाबीनची काढणी, तिथून पुढं फेब्रुवारीपर्यंत कापसाची वेचणी, तूर आणि हरभरा. नोकरी लागली म्हणून हे थांबत नाही. वडील करत असले तरी मजूर, बियाणं, बँकेचं पीककर्ज, पीकविमा, जिनिंगला गाडी लावणं यासाठी रविवारी घरचा माणूस लागतोच. पुन्हा मौती, लग्नं, पोळा, महालक्ष्म्या आहेतच.

म्हणून घर गावाच्याच अंगाला घ्या. हिंगणघाट, समुद्रपूर, वर्ध्याकडच्यांनी वर्धा रोडच्या बाजूला, म्हणजे खापरी ते बुटीबोरी पट्ट्यात बघावं. भिवापूर, उमरेड, चिमूरकडच्यांनी उमरेड रोडला. भंडारा, मौद्याकडच्यांनी पारडी-कापसी बाजूला, रामटेक-मनसरकडच्यांनी कामठी-कन्हानला, सावनेरकडच्यांनी कोराडी रोड किंवा गोधनीला आणि काटोल-नरखेडच्यांनी कळमेश्वर किंवा काटोल रोडला. बुटीबोरीत राहणाऱ्याला शनिवारी संध्याकाळी समुद्रपूर तालुक्यातलं गाव तासाभरात गाठता येतं. तेच घर शहराच्या उत्तरेला कोराडी रोडवर घेतलं तर आधी शहर पार करा, मग गाव. अशा घरांतून गावाकडच्या फेऱ्या हळूहळू कमी होतात आणि दोन वर्षांत वावर ठोक्यानं, म्हणजे ठरावीक रकमेवर दुसऱ्याला कसायला, जातं. ज्यांना ठोक्यानंच द्यायचं आहे त्यांचं ठीक, पण तो निर्णय घराच्या पत्त्यानं होऊ नये.

कामाची दिशा आणि गावाची दिशा एकमेकांविरुद्ध असेल तर मी गावाच्या दिशेला झुकतं माप देईन. शहरातलं काम बदलू शकतं.

प्रवासाचा वेळ मोजायची रीत

मोजायचा वेळ घराच्या दारापासून कामाच्या हजेरीपर्यंतचा. गाडीचा तास-सव्वातास हा त्यातला एक तुकडा आहे. घरून स्टेशनपर्यंत, स्टँडवर दुचाकी लावून फलाटापर्यंत, गाडीची वाट, गाडीतला वेळ, उतरून शेअर ऑटो किंवा मेट्रो, तिथून चालत. हे सगळं जोडा, आणि येण्याचंही वेगळं मोजा, कारण संध्याकाळी परतीला बहुतेक वेळ जास्त लागतो.

मोजणी स्वतः जाऊन करा, कामाच्या दिवशी, कामाच्या वेळेला. रविवारी दुपारी दुचाकीवर जाऊन 'पस्तीस मिनिटांत पोचलो' म्हणणं काही उपयोगाचं नाही. एक फेरी भर पावसात झाली तर सोन्याहून पिवळं. ज्यांचं काम सिव्हिल लाइन्स किंवा सीताबर्डीला आहे त्यांनी डिसेंबरही लक्षात ठेवावा. हिवाळी अधिवेशनात मोर्चे, बंद रस्ते आणि बंदोबस्तामुळे त्या भागातलं रोजचं गणित बदलतं.

रेल्वेचं जरा सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडे बहुतेक कुटुंबं याच भरवशावर दूरचं गाव निवडतात. मासिक पास 150 किलोमीटरपर्यंत मिळतो, तीन महिन्यांचा पास मासिकच्या सुमारे 2.7 पट पडतो, आणि सुपरफास्ट गाड्यांनी जायचं असेल तर पासावर वेगळा अधिभार भरावा लागतो. पास असला म्हणून आरक्षित डब्यात बसता येत नाही. काही गाड्यांत पासवाल्यांना बंदीही असते, त्यामुळे तुमच्या वेळेच्या गाड्यांची नावं घेऊन स्टेशनावर विचारा.

वर्धेकरांना दोन स्टेशनं आहेत हा मोठा फायदा आहे. नागपूरहून निघालेली गाडी आधी सेवाग्रामला येते. मग मुंबईकडे जाणारी वर्धा जंक्शनला वळते आणि बल्लारशाकडे जाणारी हिंगणघाटच्या दिशेला जाते. म्हणून घर सेवाग्राम स्टेशनाजवळ असेल तर दोन्ही मार्गांच्या गाड्या हाताशी राहतात. वर्ध्यात जागा बघताना 'स्टेशनाजवळ' म्हणजे कोणतं स्टेशन, हे आधी विचारा.

दुसरी गोष्ट धुक्याची. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेत धुकं पडलं की दिल्लीकडून येणाऱ्या गाड्या तासनतास उशिरा धावतात. नरखेड, काटोलहून सकाळी नागपूरला येणाऱ्याची गाडी त्याच बाजूनं येते, त्यामुळे त्याची हजेरी चुकते. वर्धेकराची सकाळ सहसा वाचते, कारण त्याच्या गाड्या मुंबई किंवा दक्षिणेकडून येतात, पण दिल्लीकडून येणाऱ्या गाडीवर त्याचा परतीचा भरवसा असेल तर रात्र लांबते. तुमच्या वेळेची गाडी कुठून सुटते ते पाहा. इथूनच सुटणारी पॅसेंजर किंवा मेमू असेल तर उशिराचं एक मोठं कारण कमी होतं, मात्र एक्सप्रेसला वाट देण्यासाठी तिला थांबवतात, हेही धरून चाला.

भंडाऱ्याच्या लोकांनी आणखी एक धरावं. भंडारा रोड स्टेशन वरठीला आहे, शहरापासून बरंच बाहेर. भंडारा शहरात घर घेऊन रेल्वेनं अप-डाऊन करायचं तर रोज हा जादा तुकडा आला. त्यापेक्षा वरठीत राहणं किंवा सरळ बसनं जाणं बरं पडतं का, ते वेळ मोजून ठरवा. उमरेडला रेल्वेच्या भरवशावर घर घेऊ नका. नागभीडची नॅरोगेज 2019 मध्ये ब्रॉडगेजसाठी बंद झाली. मोठ्या लाइनवर तुमच्या वेळेला गाडी प्रत्यक्ष धावताना दिसल्यावरच ती हिशेबात धरा.

एसटीचा मासिक पास 20 दिवसांच्या भाड्यात 30 दिवस चालतो. मार्च 2023 पासून बायांना एसटीत अर्धं तिकीट आहे. महिन्याला 25 दिवस जाणारीला अर्ध्या तिकिटानं साडेबारा दिवसांच्या पूर्ण भाड्याएवढाच खर्च येतो, तेव्हा पास काढण्याआधी हा हिशेब करून बघा. मुख्य विचारायचं ते शेवटच्या बसचं. कामावरून एखाद दिवशी तासभर उशीर झाला तर त्यानंतर गावाकडे यायला काय आहे? काळीपिवळी असते का, किती वाजेपर्यंत? ज्या जागेला संध्याकाळी सातनंतर एकच गाडी आहे तिथं राहणाऱ्या बाईला रोज साडेपाचपासून घड्याळाकडे बघत काम करावं लागतं. असं गाव स्वस्त असलं तरी मी घेणार नाही.

मेट्रोचा उपयोग आज शहराच्या आत आहे. पहिला टप्पा डिसेंबर 2022 मध्ये पूर्ण सुरू झाला: एक मार्ग खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक, दुसरा प्रजापती नगर ते लोकमान्य नगर, आणि दोन्ही सीताबर्डीला मिळतात. नागपूर रेल्वे स्टेशनावर उतरून हिंगणा एमआयडीसीच्या बाजूला जाणाऱ्याला हा मोठा आधार आहे. दुसऱ्या टप्प्यात बुटीबोरी, कन्हान, कापसी आणि हिंगण्यापर्यंत मार्ग मंजूर आहेत. पण 'मेट्रो येणार' या एका वाक्यावर कितीतरी प्लॉट विकले जातात. आज जी गाडी धावते तिच्यावरच घर निवडा. उद्या मेट्रो आली तर तो वरचा फायदा.

समृद्धी महामार्गावर दुचाकीला परवानगी नाही. चारचाकी असेल आणि टोल परवडत असेल तरच तो हिशेबात धरा.

हद्द किती ठेवायची? लहान लेकरं असतील तर दारापासून दारापर्यंत एका बाजूला सव्वा तास. घरात आजी-आजोबा सोबतीला असतील आणि प्रवास बसून होणारा, म्हणजे रेल्वेचा असेल, तर दीड तास. दुचाकीवर मात्र एका बाजूला 30 किलोमीटरच्या वर रोज नको. मेमध्ये 45 अंशात दुपारी तीनची शिफ्ट सुटल्यावर, किंवा जुलैत अंधारात ट्रकांच्या मधून महामार्गावर, त्या 30 किलोमीटरचे किती होतात ते करणाऱ्यालाच कळतं.

खर्चाचा हिशेब

इथं थोडक्यात. भाडं आणि प्रवास वेगळे धरू नका, एकत्र मांडा. समजा घर कामापासून 30 किलोमीटरवर आहे. रोजचे 60, महिन्याचे 25 दिवस धरले तर 1500 किलोमीटर. गाडी लिटरला 50 देत असेल तर 30 लिटर पेट्रोल लागलं. लिटरला 105 रुपये धरले तर 3150 रुपये. ऑइल, टायर, सर्व्हिसिंग वेगळं, आणि दोन-तीन वर्षांत गाडी झिजते ती आणखी वेगळी. लांबच्या घराचं भाडं जवळच्यापेक्षा 3000 रुपयांनी कमी असेल तर बचत काहीच नाही, वेळ मात्र गेला. हाच प्रवास रेल्वेच्या पासानं होत असेल तर चित्र पार बदलतं. म्हणूनच 75-80 किलोमीटरवरचं वर्धा खिशाला काही वेळा 30 किलोमीटरवरच्या, रेल्वे नसलेल्या गावापेक्षा हलकं पडतं.

दिवसभर घरी असणाऱ्यांसाठी काय बघायचं

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथं द्यावा. हद्दीत बसणाऱ्या दोन-तीन जागा निवडा आणि घरातल्या बाईला सोबत घेऊन जा. नवऱ्यानं मित्राबरोबर जाऊन टोकन देऊन यायचं आणि बायकोनं सामान आल्यावर घर पहिल्यांदा बघायचं, ही पद्धत बंद झाली पाहिजे.

पाणी पहिलं. जागा बघायला शक्यतो एप्रिल-मेमध्ये जा. ऑक्टोबरमध्ये प्रत्येक बोअरला पाणी असतं. नळ किती दिवसांआड येतो, किती वेळ आणि किती वाजता, मागच्या उन्हाळ्यात टँकर आला होता का, बोअर किती फूट आहे आणि मेमध्ये तिला किती वेळ पाणी राहतं, पाणी खारं आहे का? हे घरमालकाला विचारू नका. शेजारच्या चार घरच्या बायांना विचारा, किराणा दुकानदाराला विचारा. खारं पाणी असेल तर कूलरची जाळी, गिझर, नळ सगळ्यांवर थर बसतो आणि पिण्याच्या कॅनचा रोजचा खर्च सुरू होतो. नळ दुपारी अकराला येत असेल आणि घरी कुणी नसेल, तर त्या नळाचा उपयोग काय?

मग वीज. आपल्याकडे उन्हाळ्यात कूलर बंद पडला की म्हातारी माणसं आणि तान्ही लेकरं आजारी पडतात. वस्तीला वीज गावाच्या फीडरवरून येते की शहरी किंवा औद्योगिक फीडरवरून, हे वायरमन सांगतो. एकाच गावात रस्त्याच्या अलीकडे दिवसाला तासभर वीज जाते आणि पलीकडे पाच तास, असं असतं.

दवाखान्याच्या बाबतीत वर्धा मजबूत आहे. सेवाग्रामला 1969 पासून चाललेलं वैद्यकीय महाविद्यालय आणि कस्तुरबा रुग्णालय, शिवाय सावंगी मेघेचं मोठं रुग्णालय. घरात हृदयाचा, किडनीचा किंवा सतत तपासणीचा रुग्ण असेल तर केवळ यासाठीही वर्धा निवडावं. वर्धा रोडच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना मिहानचं एम्स जवळ आहे. बाकी ठिकाणी दोन गोष्टी बघा: रात्री अकराला उघडं असणारं मेडिकल स्टोअर आणि बाळंतपणासाठी गाडीनं अर्ध्या तासाच्या आतलं रुग्णालय.

मग बाजार, गिरणी, गॅसची एजन्सी, बँकेची शाखा, आठवडी बाजाराचा वार. दुचाकी न चालवणाऱ्या बाईला यातलं किती पायी करता येतं, हे त्याच रस्त्यानं चालून बघा. नव्या लेआउटमध्ये घरं ऐसपैस असतात, पण चारशे मीटरपर्यंत दुसरं घर नाही, रस्त्यावर दिवे नाहीत आणि ऑटो आत यायला तयार होत नाही. गावातली जुनी वस्ती अरुंद असली तरी ओट्यावर चार माणसं बसलेली असतात. नवरा बारा तास बाहेर राहणार असेल तर पहिल्या वर्षी तरी भरलेल्या वस्तीतच राहा. घरी राहणाऱ्याला काम करायचं असेल, म्हणजे शिवणकाम, शिकवणी, मेस, पार्लर, तर गिऱ्हाईकही तिथंच मिळतं.

वर्ध्याला लागून पिपरी मेघे, सिंदी मेघे, बोरगाव मेघे, नालवाडी, म्हसाळा अशा ग्रामपंचायती आहेत. दिसायला शहरच, कारभार मात्र ग्रामपंचायतीचा. घरटॅक्स कमी, पण कचरा, नाली आणि रस्त्यावरच्या दिव्यांचं काय ते वॉर्डनुसार वेगळं. ग्रामपंचायतीत जाऊन विचारायला अर्धा तास लागतो.

लेकरांची शाळा

लेकरू आज कॉन्व्हेंटमध्ये, म्हणजे बालवर्गात, असलं तरी जागा निवडताना पुढच्या पाच वर्षांची इयत्ता धरा. पहिली ते चौथीला जवळची, पायी जाता येणारी चांगली शाळा सगळ्यात मोलाची, मग ती जिल्हा परिषदेची का असेना. शाळेत जा, गुरुजींना भेटा, पटसंख्या आणि वर्ग किती ते विचारा. आठवीच्या पुढं सायन्सचे शिक्षक आणि शिकवण्या लागतात. त्या वर्धा, भंडारा, कामठीत मिळतात, लहान गावात नागपूर गाठावं लागतं. सोळा वर्षांच्या मुलीनं संध्याकाळच्या बसनं शिकवणीहून एकटीनं परतणं तुम्हाला चालेल का, याचा विचार आजच करा.

आणखी एक बाब बऱ्याच पालकांना फार उशिरा कळते. नवोदय विद्यालयाच्या सहावीच्या प्रवेशात किमान 75 टक्के जागा ग्रामीण भागातल्या मुलांसाठी असतात. त्या जागेसाठी तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेत पूर्ण झालेली असावी लागतात, आणि ज्या जिल्ह्यातून परीक्षा द्यायची त्याच जिल्ह्यात पाचवी शिकत असावं लागतं. नागपूर जिल्ह्याचं नवोदय नवेगाव खैरीला आहे, वर्ध्याचं सेलुकाटेला. लेकरू अभ्यासात हुशार असेल आणि तुम्ही चौथीच्या वर्षी गाव सोडून नगरपरिषद हद्दीतल्या शाळेत त्याचं नाव घातलं, तर ग्रामीण जागेचा हक्क गेला. बुटीबोरी आता नगरपरिषद आहे, पिपरी मेघे ग्रामपंचायत. शाळा कोणत्या हद्दीत येते ते विचारूनच दाखला काढा.

माती, पाणी, राख

काळ्या मातीचं वावर चांगलं, घर मात्र नाही. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि भिंतींना तिरप्या भेगा पडतात. घर बघताना दाराच्या-खिडकीच्या कोपऱ्यांतून निघालेल्या भेगा शोधा. बांधायचं असेल तर पाया मुरूम लागेपर्यंत न्यावा लागतो, आणि हा खर्च प्लॉटच्या स्वस्त भावात कुणी सांगत नाही. अशा लेआउटमध्ये पक्का रस्ता नसेल तर जुलै-ऑगस्टमध्ये स्कूलव्हॅन दारापर्यंत येत नाही.

नाल्याकाठची, तलावाखालची जागा टाळा. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपुरात काही तासांच्या पावसानं अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत घरात पाणी शिरलं. गावाकडेही हेच लागू. नाला बुजवून पाडलेला प्लॉट जुन्या लोकांना ठाऊक असतो. गुराख्याला किंवा शेजारच्या शेतकऱ्याला विचारा, पावसाळ्यात पाणी कुठून वाहतं.

कोराडी, खापरखेड्याच्या वीज केंद्रांच्या आसपास राखेचा त्रास आहे. जुलै 2022 मध्ये खसाळ्याजवळ राखेचा बंधारा फुटून राखेचं पाणी शेतांत आणि नाल्यांत गेलं होतं. घरात दम्याचा रुग्ण असेल तर वारा कुठून येतो ते बघून, गच्चीवर हात फिरवून मगच ठरवा. उमरेड आणि सावनेरच्या कोळसा खाणींजवळ स्फोटांचे हादरे भिंतींना जाणवतात का, तेही शेजाऱ्यांना विचारून घ्या.

आधी भाड्यानं, मग विकत

ठरलेल्या जागी किमान एक उन्हाळा आणि एक पावसाळा भाड्यानं राहा. यावर माझा आग्रह आहे. प्लॉटचा भाव वर्षभरात वाढला तरी चालेल, पण चुकीच्या जागी अडकलेलं घर विकायला त्यापेक्षा जास्त नुकसान सोसावं लागतं. भाडेकरार नोंदणीकृत करा. गॅस, बँक आणि शाळेच्या कामाला तो पत्त्याचा पुरावा म्हणून उपयोगी पडतो.

विकत घेताना कागद सोडू नका. महानगरपालिकेच्या हद्दीबाहेरचा मोठा पट्टा आता एनएमआरडीएकडे, म्हणजे नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे आहे. तिथं 'ग्रामपंचायतीची परवानगी आहे' एवढं पुरत नाही. लेआउटचा मंजूर नकाशा आणि जमीन अकृषक (घरासाठी वापरता येणारी) असल्याचा कागद मागा. सातबारा आणि फेरफार स्वतः ऑनलाइन काढा, विक्रेत्यानं दिलेल्या झेरॉक्सवर जाऊ नका. भोगवटादार वर्ग 2 (विकायला सरकारची परवानगी लागणारी जमीन) लिहिलेलं असेल, जमीन मूळ आदिवासी खातेदाराची असेल किंवा भूदानाची असेल तर पुढं पाऊल टाकण्याआधी वकिलाकडे जा. आपल्या विदर्भात 'झुडपी जंगल' ही नोंद खास बघायची. मे 2025 मध्ये सुप्रीम कोर्टानं झुडपी जंगलाची जमीन वनजमीन मानायची असं स्पष्ट केलं, त्यामुळे अशा जमिनीवरचा नवा प्लॉट कितीही स्वस्त असला तरी नको. 500 चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवरच्या प्लॉटिंगच्या प्रकल्पाला महारेराचा नंबर लागतो, तो महारेराच्या साइटवर टाकून बघा.

एक साधी चाचणी आहे. राष्ट्रीयीकृत बँकेत जाऊन विचारा, या प्लॉटवर कर्ज मिळेल का? पैसे रोख असले तरी विचारा. बँकेचा वकील 30 वर्षांचा सर्च, म्हणजे मालकीच्या नोंदींचा शोध, काढतो. बँक नाही म्हणाली तर कारण लेखी नाही तरी तोंडी समजून घ्या. 'बँकेची भानगड नको, आम्हीच हप्ते पाडून देतो' असं विक्रेता म्हणाला की तिथून उठा.

कुठं राहावं, माझं मत

शाळा, दवाखाना आणि रेल्वे तिन्ही हवं असेल, आणि दीड तासाचा प्रवास झेपत असेल, तर वर्धा. त्यातही सेवाग्राम स्टेशनाच्या अंगाला. काम मिहान किंवा बुटीबोरीत असेल तर बुटीबोरी, पण एमआयडीसीच्या धुराड्यांपासून दूरची वस्ती बघून. काम शहराच्या उत्तर-पूर्वेला असेल तर कामठी. तिथं बाजार जुना, शाळा आणि रेल्वे आहे, आणि रात्री परतीची सोय राहते. कळमेश्वर लहान कुटुंबाला चांगलं, मात्र वरच्या वर्गाची मुलं असतील तर शिकवणीचं आधी बघा. उमरेड आणि मौदा ज्यांचं गावच त्या बाजूला आहे त्यांनीच निवडावं. अमरावतीत काम असेल तर वेगळा विचार. तिथं मुख्य रेल्वेमार्गावरचं बडनेरा आणि शहर यांत अंतर कमी आहे, त्यामुळे धामणगाव, चांदूर रेल्वेकडच्यांना गावाजवळच्या तालुक्याच्या ठिकाणी राहूनही अप-डाऊन जमतं.

कधी हलायचं

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकी राज्यापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटच्या आठवड्याच्या सुमारास उघडतात, आणि त्याच दिवसांत पेरणीची घाई असते. दोन्ही एकदम अंगावर घेऊ नका. जागा एप्रिल-मेमध्ये बघा, म्हणजे पाण्याचं खरं चित्र दिसतं. निकाल लागताच शाळेचा दाखला काढा, सामान मेच्या शेवटी हलवा आणि पहिला पाऊस येण्याआधी छत, नाली, बोअरची मोटर तपासून घ्या. नोकरी करणाऱ्यानं त्याच आठवड्यात नव्या घरून अप-डाऊन सुरू करावं. रेशन कार्ड नव्या दुकानाला जोडून घ्या, नाहीतर महिन्याचं धान्य आणायला गावाला चक्कर पडते. आईवडील गावात राहणार असतील तर त्यांच्या औषधांची चिठ्ठी, बँकेचं पासबुक आणि पीकविम्याची पावती यांची एकेक प्रत सोबत आणा. जुलैत तलाठ्याचा किंवा बँकेचा फोन आला की हे कागद इथंच हाताशी लागतात.